चारचौघांत न बोलले जाणारे: ते ओळखावे कसे आणि बोलावे कसे

कोणत्याही गटात, मग ते कुटुंब असो, कार्यालयातला विभाग असो, संस्थेची कार्यकारिणी असो की जुन्या मित्रांचा कंपू असो, काही गोष्टी उघडपणे बोलल्या जातात, काही शब्द जपून बोलल्या जातात आणि काहींबद्दल सर्वांची अळीमिळी गुपचिळी असते. या तिसऱ्या प्रकारच्या गोष्टींची यादी कोणी लिहून ठेवलेली नसते. तरीही नव्याने आलेला माणूस ती काही आठवड्यांत शिकतो आणि आपण ती शिकलो हे त्याच्याही लक्षात येत नाही. ही यादी वाचायची कशी, तिच्यातल्या कोणत्या मर्यादा खऱ्या आणि कोणत्या नुसत्या समजुतीवर उभ्या आहेत हे तपासायचे कसे, आणि बोलणे भागच असेल तेव्हा ते कोणत्या रीतीने बोलायचे, एवढेच या लेखात सांगायचे आहे. 'धाडस करा, स्पष्ट बोला' हा सल्ला येथे मुद्दामच दिलेला नाही. माणसे गप्प बसतात ती पुष्कळदा धाडस कमी पडते म्हणून नव्हे, तर इतरांना काय वाटते याचा त्यांचा अंदाज चुकलेला असतो म्हणून. आणि तो अंदाज दुरुस्त झाला की बरेचसे काम धाडसावाचून होते.

आधी मर्यादा ओळखाव्यात

मर्यादा कोठे आहे हे ती ओलांडली गेल्यावर जे घडते त्यावरून कळते. बैठकीत एक जण विचारतो, "हाच उपाय मागच्या वर्षी केला होता, त्याचे पुढे काय झाले?" क्षणभर कोणीच बोलत नाही. दोघे जण समोरचे कागद चाळू लागतात. तिसरा हसून म्हणतो, "आता जुनी मढी कशाला उकरायची?" आणि अध्यक्ष पुढचा विषय घेतात. येथे कोणी कोणाला दटावलेले नाही, कोणाचा आवाजही चढलेला नाही. पण मागच्या वर्षीचा हिशेब विचारायचा नसतो, हे तेथे बसलेल्या प्रत्येकाला समजले आहे. सामाजिक शिक्षा बहुधा अशीच असते: विषय बदलणे, थट्टेवारी नेणे, उत्तर न देणे, पुढच्या वेळी बोलावण्यास विसरणे. म्हणून काही दिवस बोलण्यापेक्षा पाहण्यावर भर द्यावा आणि कोणत्या वाक्यानंतर असे काही घडले याची स्वतःपुरती टिपणे ठेवावीत.

टिपणे करताना काय बोलले गेले एवढेच लिहून भागत नाही. कोण बोलले, कोणत्या रूपात बोलले आणि कोठे बोलले हेही नोंदवावे लागते. तोच प्रश्न वीस वर्षे जुन्या सदस्याने विनोदाच्या ओघात विचारला तर चालून जातो आणि नव्या सदस्याने सरळ विचारला तर आगाऊपणा ठरतो. अशा वेळी मर्यादा विषयावर नसून माणसावर आहे, हे ध्यानात येते, आणि उपायही बदलतो. बैठक संपल्यावर जिन्यात जे बोलणे होते ते विशेष लक्षपूर्वक ऐकावे; टेबलाभोवती जे बोलले गेले आणि जिन्यात जे बोलले गेले त्यांत जेवढे अंतर, तेवढी त्या गटातली न बोललेल्या गोष्टींची बाजू मोठी. 'गैरसमज नसावा, पण', 'माझे तसे काही म्हणणे नाही, फक्त' अशा प्रस्तावनाही उपयोगी खुणा आहेत, कारण माणूस मर्यादेच्या काठावर आला की नकळत त्या वापरतो.

येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक शांततेला दडपण समजू नये. कधी विषय खरोखरच चर्चून चोथा झालेला असतो, कधी कोणाला त्यात रसच नसतो, आणि कधी समोरच्याचे हसे होऊ नये म्हणून लोक सौजन्याने गप्प राहतात. एर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 1955 मधल्या एका निबंधात दाखवून दिले की, संभाषणात माणसे आपल्याबरोबर दुसऱ्याचीही पत सांभाळत असतात. अनेक ठिकाणचे मौन हे भीतीपेक्षा या परस्पर सांभाळण्यातून आलेले असते, आणि ते ओळखता आले नाही तर आपण नसलेल्या शत्रूशी लढत बसतो.

स्वतःच्या मनातली मर्यादा तपासण्यासाठी एक जुना प्रश्न फार कामाचा आहे. एलिझाबेथ नोएल-नॉयमन या जर्मन संशोधिकेने 1974 मध्ये 'मौनाचे आवर्त' ही कल्पना मांडली: आपले मत अल्पमतात आहे असे वाटणारा माणूस गप्प बसतो, तो गप्प बसल्याने ते मत आणखी अल्पमतात असल्यासारखे दिसते, आणि त्यामुळे आणखी काही जण गप्प बसतात. तिच्या पाहण्यांमध्ये लोकांना विचारले जाई की, पाच तासांचा रेल्वेप्रवास आहे आणि डब्यातल्या अनोळखी प्रवाशाने एखाद्या वादग्रस्त विषयावर बोलणे काढले, तर आपल्याला त्याच्याशी बोलायला आवडेल काय? हाच प्रश्न आपण स्वतःला दोनदा विचारावा: एकदा तो प्रवासी आपल्या मताचा आहे असे धरून आणि एकदा विरुद्ध मताचा आहे असे धरून. दोन उत्तरांत फार फरक पडला, तर त्या विषयावर आपण आजवर कोठे कोठे गप्प बसलो हे आठवून पाहणे योग्य.

मग अंदाज तपासावा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा हाच आहे. 'सगळ्यांनाच असे वाटते' या वाक्यातले 'सगळे' कोणी मोजलेले असतात?

सॉलोमन ॲश यांनी 1951 पासून प्रसिद्ध केलेले प्रयोग येथे समजून घेण्यासारखे आहेत. समोर एक रेघ आणि शेजारी तीन रेघा; तिन्हींपैकी कोणती पहिलीएवढी आहे हे मोठ्याने सांगायचे. एकट्याने उत्तर देताना कोणीही सहसा चुकत नसे. पण गटातले बाकीचे सगळे प्रयोगकर्त्यांशी आधीच ठरवून आलेले असत आणि अठरापैकी बारा फेऱ्यांत ते एकमुखाने चुकीचे उत्तर देत. त्या फेऱ्यांमध्ये खऱ्या सहभागींची सुमारे एक-तृतीयांश उत्तरे गटासारखी चुकीची आली. ही हकिगत बहुतेकांना ठाऊक असते. पण पुढचे तपशील क्वचितच सांगितले जातात आणि वाटाड्या म्हणून तेच उपयोगी आहेत. सुमारे एक-चतुर्थांश सहभागी एकदाही वाकले नाहीत. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिले, तेव्हा चुका बऱ्याच कमी झाल्या. म्हणजे पुष्कळांचे डोळे फसले नव्हते, ते केवळ री ओढत होते. आणि गटात एकच जण जरी खरे उत्तर देणारा ठेवला, तर चुकीच्या उत्तरांचे प्रमाण सुमारे 5 टक्क्यांवर आले. याहून मजेशीर गोष्ट अशी की, हा एकटा दुसरेच चुकीचे उत्तर देत असला तरीही दडपण बरेच सैल होई. सोबत्याने बरोबर असणे तितकेसे आवश्यक नव्हते. एकमत भंगणे आवश्यक होते.

आपण एकटेच वेगळे आहोत असे प्रत्येकाला वाटत असते आणि प्रत्यक्षात बहुसंख्यच तसे असतात, हा प्रकार खऱ्या आयुष्यातही मोजला गेला आहे. प्रेंटिस आणि मिलर यांनी 1993 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा तेथल्या मद्यपानाबद्दल आपल्याला जेवढा संकोच वाटतो त्याहून इतरांना तो कमी वाटतो, असे विद्यार्थ्यांचे सरासरी उत्तर होते. सरासरीच्या बाबतीत ते खरे असणे शक्यच नाही. सौदी अरेबियातल्या रियाधमध्ये झालेला आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर याहून बोलका आहे. तेथल्या तरुण विवाहित पुरुषांपैकी बहुसंख्यांना स्त्रियांनी घराबाहेर नोकरी करावी हे खाजगीत मान्य होते, पण आपल्यासारख्या इतर पुरुषांना ते किती मान्य आहे याचा त्यांचा अंदाज फार कमी होता. त्यांच्यापैकी काहींना त्यांच्याच गटाचा खरा आकडा सांगितला. आकडा कळलेल्या पुरुषांनी पत्नीचे नाव नोकरी मिळवून देणाऱ्या सेवेत नोंदवण्याचे प्रमाण वाढले, आणि काही महिन्यांनी पाहिले तेव्हा त्यांच्या पत्नींनी अर्ज करण्याचे आणि मुलाखत देण्याचे प्रमाणही अधिक आढळले. कोणाचेही मन वळवावे लागले नाही. फक्त शेजाऱ्याच्या मनात काय आहे ते कळले.

आपल्या गटात हीच तपासणी अशी करावी. विश्वासातल्या तीन-चार जणांना एकेकटे गाठून दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: 'तुम्हाला काय वाटते?' आणि 'बाकीच्यांना काय वाटत असेल?' पहिल्याची उत्तरे एका बाजूला आणि दुसऱ्याची दुसऱ्या बाजूला झुकली, तर मर्यादा समजुतीवर उभी आहे असे धरून चालण्यास हरकत नाही. गट दहा-वीस जणांचा असेल तर हेच दोन प्रश्न निनावी चिठ्ठ्यांवर विचारावेत, चिठ्ठ्यांवर फक्त खूण करायला सांगावी म्हणजे अक्षर ओळखू येत नाही, आणि उत्तरे मोजून दोन्ही आकडे सर्वांसमोर वाचावेत. आकडे वाचून झाल्यावर लगेच चर्चा सुरू करण्याची घाई करू नये. लोकांना ते पचवायला थोडा वेळ लागतो.

गट मोठा असेल आणि चिठ्ठीवरही लोकांचा विश्वास नसेल, तर स्टॅन्ली वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने 1965 मध्ये मांडलेल्या कल्पनेचा एक सोपा प्रकार वापरता येतो. प्रत्येकाने कोणाला न दाखवता नाणे उडवावे. छापा पडला तर प्रश्न काहीही असो, 'हो' लिहावे. काटा पडला तर खरे उत्तर लिहावे. आता कोणाचेही 'हो' पकडता येत नाही, कारण ते नाण्याचे असू शकते. पण एकूण आकडा बोलतो: 1000 जणांपैकी 600 'हो' आले, तर सुमारे 500 नाण्याने आलेले धरावेत, उरलेले 100 हे खरे उत्तर देणाऱ्या सुमारे 500 जणांमधले, म्हणजे खरे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास. वीस-तीस जणांच्या गटात ही युक्ती वापरू नये, तेथे नाण्याचा लहरीपणाच उत्तर गिळून टाकतो.

कोणत्या मर्यादेला हात लावू नये

न बोलण्याचा प्रत्येक संकेत मोडण्याच्या लायकीचा असतो असे मुळीच नाही. दुसऱ्याचे आजारपण, त्याची आर्थिक अडचण किंवा त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट चारचौघांत न काढणे, दुबळ्याची टिंगल न करणे, शोकात असलेल्याला हिशेब न विचारणे, हे संकेत बोलणाऱ्याला अडवतात ते ज्याच्याविषयी बोलले जाईल त्याच्या रक्षणासाठी. कसोटी सोपी ठेवावी: या मौनाची किंमत कोण मोजतो आणि ते मोडले तर कोण मोजेल? मौनामुळे बलिष्ठाचा लाभ आणि दुबळ्याचे नुकसान होत असेल तर बोलण्याचा विचार करावा. उलट असेल तर गप्प राहण्यातच शहाणपण आहे.

बोलण्याची रीत

तपासणीनंतर बोलायचे ठरले, तर पहिली गोष्ट सोबती. ॲश यांच्या प्रयोगातून निघणारा व्यवहारी धडा असा की, एकट्याने दहा जणांसमोर उभे राहण्यापेक्षा एकाला आधी सांगून ठेवणे फार परिणामकारक असते. त्याने आपल्याला पाठिंबा द्यावा अशी मागणीही करू नये. 'मी हा मुद्दा काढणार आहे. तुमचे मत वेगळे असले तरी ते मांडा' एवढे म्हटले तरी पुरे. सोबती मध्येच माघार घेणारा नसावा, हे मात्र पाहावे, कारण ॲश यांच्या प्रयोगात सोबती अर्ध्यावर बहुमताकडे गेला की सहभागीही पुन्हा वाकू लागत.

दुसरी गोष्ट वाक्याची घडण. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर दाट धुक्यात दोन जंबो विमाने आदळली आणि 583 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी केएलएम या डच कंपनीच्या विमानाने उड्डाणाची परवानगी नसतानाच धावायला सुरुवात केली होती, आणि पॅन अमेरिकन कंपनीचे दुसरे विमान अजून धावपट्टीवरच होते. केएलएमच्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला रेडिओवरचे बोलणे ऐकून शंका आली. त्याने विचारले, ते पॅन अमेरिकन अजून बाजूला झालेले नाही का? कंपनीतल्या ज्येष्ठ वैमानिकांपैकी एक असलेल्या कप्तानाने ठामपणे उत्तर दिले की झाले आहे. विषय तेथेच संपला आणि काही सेकंदांत टक्कर झाली. इंजिनिअरचा अंदाज बरोबर होता. पण शंका प्रश्नाच्या रूपात आली, आणि प्रश्नाला उत्तर मिळाले की तो विचारणाऱ्याचे काम संपते. 25 जानेवारी 1990 रोजी न्यू यॉर्कजवळ इंधन संपून कोसळलेल्या आविआन्का या कोलंबियन कंपनीच्या विमानाची गोष्टही याच जातीची आहे: इंधन संपत आल्याचे कर्मचाऱ्यांनी नियंत्रकांना सांगितले, प्राधान्य मागितले, पण 'आणीबाणी' हा शब्द उच्चारला नाही. त्या अपघातात 158 पैकी 73 जण दगावले.

अशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी कनिष्ठांना बोलण्याचे आणि ज्येष्ठांना ऐकण्याचे रीतसर प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली; 1979 मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि 1981 मध्ये युनायटेड एअरलाइन्सने असा पहिला सर्वंकष कार्यक्रम सुरू केला. त्या परंपरेत शिकवली जाणारी वाक्याची चढती भाजणी कोणत्याही बैठकीत वापरता येते. आधी त्या व्यक्तीला संबोधावे, मग आपली चिंता सांगावी, मग दिसणारी वस्तुस्थिती, मग सुचणारा उपाय, आणि शेवटी उत्तर मागावे. उदाहरणार्थ: "सर, मला या तारखेची काळजी वाटते. तपासणीला तीन आठवडे लागतात आणि आपल्या हातात दोन आहेत. तारीख पुढे न्यावी किंवा तपासणीचा एक भाग वगळल्याची लेखी नोंद ठेवावी, असे मला सुचते. यातले कोणते आपल्याला मान्य आहे?" यात उद्धटपणा कोठेही नाही, पण 'होईल ना सगळे वेळेत?' या गुळमुळीत प्रश्नासारखे ते हवेत विरूनही जात नाही.

तिसरी गोष्ट सातत्य. मॉस्कोविसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1969 मधल्या प्रयोगात सहा जणांच्या गटातले दोघे निळ्या चित्रपट्टिकांना हिरव्या म्हणत. दोघे प्रत्येक वेळी तेच म्हणत राहिले तेव्हा इतरांच्या उत्तरांपैकी सुमारे 8 टक्के उत्तरे 'हिरवा' आली. ते मधूनमधून बदलत राहिले तेव्हा प्रमाण जेमतेम 1 टक्क्याच्या वर गेले. प्रमाण लहान असले तरी फरक बोलका आहे, आणि तोही उघडउघड चुकीच्या मतासाठी. म्हणून तीन मुद्दे एकेकदा मांडण्यापेक्षा एकच मुद्दा त्याच शब्दांत तीन बैठकांमध्ये मांडावा.

आणि चौथी गोष्ट, पत. एडविन हॉलंडर यांनी 1958 मध्ये मांडलेला विचार असा की, गटाच्या चालीरीती पाळून आणि गटाच्या कामास उपयोगी पडून माणूस पत कमावतो आणि वेगळे बोलताना ती खर्च करतो. नव्या माणसाने पहिल्याच आठवड्यात सर्वांत जड विषयाला हात घातला तर खात्यात काही जमा नसताना रक्कम काढल्यासारखे होते. पण जमा करता करता खर्च करायचे राहून गेले, अशीही माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांचे मला अधिक वाईट वाटते.

बोलून झाल्यावर काय होते याचीही कल्पना असावी. स्टॅन्ली शॅक्टर यांनी 1951 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की, वेगळे मत धरून बसलेल्या सदस्याशी गट आधी सर्वांत जास्त बोलतो, त्याला समजावू पाहतो. तो बधत नाही असे दिसले की काही गटांत त्याच्याशी बोलणेच कमी होते. तेव्हा लोक आपल्याशी हुज्जत घालत आहेत तोवर ते शुभचिन्ह मानावे. हुज्जत थांबून सगळे एकाएकी फार सौजन्याने वागू लागले, तर जाहीर बोलणे आवरते घेऊन पुन्हा एकेकट्याशी बोलण्याकडे वळावे.

बोलल्यावर रोजगार, घर किंवा जीव धोक्यात येईल अशा ठिकाणी ही सारी रीत अपुरी आहे. तेथे मर्यादा समजुतीची नसते, खरीच असते. आधी तारीखवार लेखी नोंदी ठेवाव्यात, गटाबाहेरचा विश्वासाचा आणि शक्यतो कायद्याचा आधार शोधावा, आणि मगच तोंड उघडावे.

सभा आपल्या हाती असेल तर

अध्यक्षाने आपले मत शेवटी सांगावे, ही सूचना जुनीच आहे. सुमारे इ.स. 200 मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात, देहदंडाच्या खटल्यात मत देण्याची सुरुवात बाजूला बसणाऱ्या न्यायाधीशांपासून, म्हणजे कनिष्ठांपासून करावी असा नियम आहे, जेणेकरून ज्येष्ठांचे मत ऐकून त्यांची भीड पडू नये. त्याच्या जोडीला बोलण्यापूर्वी लिहिण्याची सवय लावावी: प्रश्न मांडला की पाच मिनिटे सर्वांनी आपले मत कागदावर लिहावे आणि मग वाचावे. लिहिलेले मत फिरवायला मनुष्य कचरतो.

गॅरी क्लाइन यांनी 2007 मध्ये मांडलेली युक्तीही चांगली आहे. बेत ठरला की सर्वांना सांगावे, 'एक वर्ष उलटले आहे आणि हा बेत पार फसला आहे. का फसला ते लिहा.' एरवी ज्या शंकेला नकारात्मकता म्हटले गेले असते, तीच आता सोपवलेले काम होते. विरोधाची भूमिका कोणा एकाला नेमून देण्याच्या प्रघाताबद्दल मात्र मी साशंक आहे. कॅथलिक चर्चमध्ये संतपद देताना आक्षेप घेणारा असा अधिकारी 1587 पासून नेमला जाई, आणि 1983 मध्ये ते पद जवळजवळ संपुष्टात आले. शार्लान नेमेथ आणि सहकाऱ्यांच्या 2001 मधल्या अभ्यासात नेमलेल्या विरोधकापेक्षा मनापासून विरोध करणाऱ्याने गटाचा विचार अधिक फुलवला. सगळ्यांना ठाऊक असते की हा सोंग वठवतो आहे, आणि सोंगाचे ऐकून घेतले की खऱ्या शंकेचेही ऐकले असे समाधान फुकट मिळते.

छोट्या गोष्टीही हलक्या लेखू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीत, चीर देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगावे अशी एक नोंद आहे. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे काही वावगे दिसले तर बोलण्याची शक्यता वाढते, हा त्यामागचा विचार.

पहिला वेगळा सूर निघाला की सर्वांचे डोळे अध्यक्षाकडे वळतात. तो भाग सर्वांत अवघड आहे. त्या क्षणी समर्थन किंवा खंडन दोन्ही टाळून मुद्दा बोलणाऱ्याच्याच शब्दांत पुन्हा उच्चारावा, इतिवृत्तात लिहून घ्यावा आणि तो कोणत्या तारखेपर्यंत तपासला जाईल ते सांगावे. ती तारीख पाळावी. मुद्दा चुकीचा ठरला तरी काय तपासले ते त्याच माणसाला सर्वांसमोर सांगावे. तीन-चार महिन्यांनी चिठ्ठ्यांचे तेच दोन प्रश्न पुन्हा विचारावेत. चिठ्ठीवरचे मत आणि हात वर करून दिलेले मत यांतले अंतर कमी झाले नसेल, तर लोक आता अध्यक्षाला आवडेल असा विरोध करायला शिकले आहेत काय, हे आधी तपासून पाहावे.